हर्क्युलिसवरचा एमव्हीएस ३.८जे: सिस२.लिंकलिब भरली आणि एस१०६ सुरू झालाय, कोणी जागं आहे का?

रात्रपाळी (सोमवार, रात्री १:२०)

नमस्कार मंडळी. आधी थोडं सांगतो मग रडगाणं. मी हिंजवडीत नऊ वर्षं झेड/ओएसवर (आयबीएमच्या मेनफ्रेमची आजची ऑपरेटिंग सिस्टिम) प्रॉडक्शन सपोर्ट करतोय, म्हणजे रात्री दोनला फोन येतो, जॉब पडलेला असतो, सॉक सेव्हन (चुकीच्या डेटाचा एरर) बघायचा, रेकॉर्ड बाजूला काढायचा, रीस्टार्ट मारायचा. नऊ वर्षांत पार्मलिब (सिस्टिमच्या सेटिंगची लायब्ररी) फक्त ब्राउझ मोडमधे बघितलीय. आयपीएल (म्हणजे सिस्टिमचं बूट) कधी होतो ते आम्हाला मेलमधून कळतं. म्हणून लॉकडाऊनमधे घरच्या लॅपटॉपवर हर्क्युलिस (आयबीएमच्या मेनफ्रेमची नक्कल करणारा प्रोग्राम) टाकला, त्यावर टीके४ मायनस (एमव्हीएस ३.८जे या जुन्या मेनफ्रेम ऑपरेटिंग सिस्टिमचं तयार पॅकेज), आणि हर्क०१ म्हणून लॉगऑन केलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की सगळ्या चाव्या आपल्याकडे असल्या की कसं वाटतं.

तेव्हापासून काय काय केलं: लॉगऑनचा पडदा बदलला (त्याचा सोर्स असेंबलरमधे आहे, बदला, असेंबल करा, लिंक करा, मग टर्मिनल जोडणारं व्हीटॅम बंद-चालू), टीएसओसाठी (टर्मिनलवरून कमांड द्यायची सोय) स्वतःच्या आठ-दहा कमांड लिहिल्या, सी कंपायलर टाकला, ब्रेक्स (रेक्स ही स्क्रिप्टची भाषा) टाकलं. हे सगळं मी सिस२.लिंकलिबमधे कोंबत गेलो कारण ती लिंकलिस्टमधे (सिस्टिम प्रोग्राम शोधते त्या लायब्रऱ्यांची यादी) आहे, दर जॉबला वेगळी लायब्ररी सांगायची, म्हणजे स्टेपलिब द्यायची, कटकट नाही. काल रात्री अजून एक प्रोग्राम लिंक केला, आरसी (रिटर्न कोड) शून्य, सगळं गोड, आणि चालवला तर एस१०६ (प्रोग्राम लोड होतानाचा एरर). परत लिंक केला, परत एस१०६. जुने प्रोग्राम मात्र व्यवस्थित चालतायत. लायब्ररी ब्राउझ केली तर मेंबर दिसतोय. डिस्कच खराब झाली म्हणावं तर डिस्क म्हणजे माझ्या एसएसडीवरची एक फाईल आहे!

कोरीपाटी (सोमवार, सकाळी ८:०५)

सॉरी, मधेच विचारतो, पण १९८१ ची सिस्टिम २०२५ मधे चालवून नक्की उपयोग काय? नोकरीसाठी शिकायचं असेल तर आयबीएमचंच झेड एक्सप्लोर आहे ना फुकट, तिथे खराखुरा झेड/ओएस मिळतो.

रात्रपाळी (सोमवार, सकाळी ८:४०)

उपयोग काही नाही. माझा शेजारी जुनी जावा गाडी दर रविवारी खोलून बसतो, त्याला कोणी विचारत नाही, तो ऑफिसला अॅक्टिव्हानेच जातो. झेड एक्सप्लोर चांगलंच आहे, केलंय मी, पण तिथे तुम्ही भाडेकरू. भिंतीला खिळा मारता येत नाही.

पंचकार्ड (सोमवार, सकाळी ९:१५)

रात्रपाळी, एस१०६ च्या पुढे रीझन कोड काय आहे ते का नाही लिहिलंस? कन्सोलवर त्यासोबत काही मेसेज आहे का? न बघताच सांगतो, ०एफ असणार. आणि लायब्ररीला अजून एक एक्स्टेंट (डिस्कवरचा जागेचा सलग तुकडा) लागला असणार. व्हीटॉक (डिस्कवर कुठल्या फाईलला कुठली जागा त्याची यादी) बघ.

रात्रपाळी (सोमवार, सकाळी ९:३२)

काका, पाय कुठे आहेत तुमचे. ०एफच आहे. आणि हो, परवापर्यंत एक एक्स्टेंट होता, आता दोन दिसतायत. पण दुसऱ्या एक्स्टेंटमधे वाईट काय आहे, साध्या पीडीएसला (मेंबर ठेवायची लायब्ररी) तर सोळापर्यंत चालतात ना?

पंचकार्ड (सोमवार, सकाळी १०:१०)

चालतात, पण ही साधी पीडीएस नाही. लिंकलिस्टमधल्या लायब्रऱ्या सिस्टिम आयपीएलच्या वेळेला एकदाच उघडते आणि परत कधी बंद करत नाही. उघडताना डीईबी म्हणून एक कंट्रोल ब्लॉक बनतो, त्यात लिहिलेलं असतं की ही लायब्ररी या डिस्कवर अमुक सिलिंडरपासून तमुकपर्यंत. तू लिंक एडिटर चालवलास, त्याने लायब्ररी स्वतः वेगळी उघडली, जागा संपली म्हणून दुसरा एक्स्टेंट घेतला आणि मेंबर तिथे लिहिला. व्हीटॉकमधे नोंद झाली, डिरेक्टरीत नाव आलं, पण आयपीएलच्या वेळेला बनलेल्या त्या डीईबीला याचा पत्ताच नाही. मग प्रोग्राम फेच (प्रोग्राम मेमरीत आणणारा भाग) डिरेक्टरीतला पत्ता घेऊन जातो आणि त्याला सांगण्यात येतं की असा भागच नाही या घरात. घराला मागे खोली बांधलीस पण सातबाऱ्यावर चढवली नाहीस, असं समज. आयपीएल केलास की डीईबी नव्याने बनेल, दोन्ही एक्स्टेंट दिसतील, काम होईल. पण मुळातला रोग तसाच राहील.

आणि एक हात जोडून सांगतो, जागा करायची म्हणून चालू सिस्टिमवर ती लायब्ररी कॉम्प्रेस करू नकोस. पीडीएसमधे मेंबर बदलला की जुनी जागा वाया जाते, ती गोळा करायला आयईबीकॉपीने कॉम्प्रेस करतात, सगळ्यांना माहीत आहे. पण कॉम्प्रेसमधे मेंबर जागचे हलतात, आणि ज्यांचे पत्ते सिस्टिमने मेमरीत धरून ठेवलेत ते जुन्या जागीच जाऊन वाचतात, तिथे आता दुसऱ्याच कुणाचा तरी कोड असतो. आखातात असताना एका नव्या मुलाने सिस१.लिंकलिबवर भर दुपारी हा प्रयोग केला होता. पुढचे तीन तास आम्ही कोणी जेवलो नाही.

वर्तुळ३७० (सोमवार, संध्याकाळी ६:५०)

म्हणूनच म्हणतो व्हीएम (एका मशीनवर अनेक सिस्टिम चालवणारी सिस्टिम) घ्या, सुखी राहा 😄 व्हीएम/३७० कम्युनिटी एडिशन टाका, त्यात एक गेस्ट म्हणून तुमचा एमव्हीएस चढवा. मोडला तर गेस्ट मोडतो, बाकीचं घर शाबूत. १९७२ साली आयबीएमने जे विकायला काढलं ते जगाला कळायला पुढे तीस वर्षं लागली, आणि आता क्लाउडवाले आपणच शोध लावल्यासारखं सांगतात.

रात्रपाळी (सोमवार, संध्याकाळी ७:१५)

आले व्हीएमवाले. तुमच्या सीएमएसमधे (व्हीएमवर एकेका माणसाला मिळणारी सिस्टिम) एका वेळी एकच माणूस एकच काम करतो ना पण.

वर्तुळ३७० (सोमवार, संध्याकाळी ७:२१)

हो आणि ते पूर्ण पण होतं, एस१०६ न येता.

स्पूलताई (सोमवार, रात्री ९:४०)

भांडू नका रे. मी इकडे जर्मनीत सिस्टिम प्रोग्रामर आहे, दिवसा झेड/ओएस आणि रात्री मुलं झोपली की हेच. काकांनी रोग बरोबर सांगितला, औषध मी सांगते.

सगळ्यात आधी शॅडो फाईल. हर्क्युलिसच्या कन्सोलवर एसएफ प्लस आणि त्या डिस्कचा पत्ता दिलास की पुढचं सगळं लिखाण वेगळ्या फाईलमधे जातं, मूळ डिस्क होती तशीच राहते. पटलं नाही तर एसएफ मायनस नोमर्ज करून फेकून दे, पटलं तर मर्ज कर. फक्त डिस्क कॉन्फिगमधे शॅडोचं नाव आधी दिलेलं असावं लागतं. ऑफिसात हे मिळालं असतं तर माझे निम्मे केस काळे राहिले असते.

मग नवीन लायब्ररी बनव, थोडी मोठी, प्रायमरी (सुरुवातीची जागा) भरपूर आणि सेकंडरी (ती संपल्यावर वाढवायची जागा) शून्य. हा शून्य महत्त्वाचा आहे, लिंकलिस्टमधल्या कुठल्याच लायब्ररीला सेकंडरी द्यायची नाही. जागा संपली तर लिंक करतानाच जॉब डी३७ ने (जागा संपल्याचा एरर) पडेल, आणि ते बरंच आहे, पडायचंच तर तोंडावर पडावं. मग आयईबीकॉपीने जुन्यातून नव्यात सगळे मेंबर घे. मग जुनीचं नाव बदलून शेवटी .ओल्ड लाव आणि नवीला जुनीचं नाव दे. चालू सिस्टिमला काही होत नाही कारण तिला नावाशी देणंघेणं नाही, तिच्या डीईबीत ट्रॅकचे पत्ते आहेत आणि ते ट्रॅक तू पुसलेले नाहीस. मग आयपीएल. सगळं नीट चाललं की आठवड्याने .ओल्ड उडव, त्याच दिवशी नको.

व्हॉल्यूम तोच ठेव, कारण आयईएएपीएफ००मधे (खास अधिकार असलेल्या लायब्रऱ्यांची यादी) लायब्ररीच्या नावापुढे व्हॉल्यूमचं नावही असतं, व्हॉल्यूम बदलला की ऑथरायझेशन गेलं आणि मग एस०४७ बघत बसशील.

खरं म्हणजे तुझे स्वतःचे प्रोग्राम सिस२मधे नकोतच. वेगळी लायब्ररी कर आणि ती लिंकलिस्टमधे शेवटी जोड. उद्या टीके५ वर गेलास तर एक लायब्ररी उचलायची आणि चालू पडायचं.

कृष्णाकाठ (मंगळवार, दुपारी १२:३०)

ताई, काका, मी सांगलीला थर्ड इयरला आहे, रास्पबेरी पायवर चालवतो हे. पंखा पण नाही लावला तरी चालतं. मला एक विचारायचं होतं, आमच्या सरांना दाखवलं तर सर म्हणाले हे पायरेटेड आहे. खरं का?

पंचकार्ड (मंगळवार, दुपारी १:०५)

तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग आणि पुढचं सांग. १९६९ च्या जूनमधे आयबीएमने सॉफ्टवेअरचे पैसे हार्डवेअरपासून वेगळे लावायचं जाहीर केलं, तरी ऑपरेटिंग सिस्टिमचा मुख्य भाग त्यातून वगळलेला होता, तो मशीनबरोबर फुकटच यायचा आणि त्यावर कॉपीराइटची नोटीस नसायची. एमव्हीएस १९७४ ला आला, ३.८ हे त्या जातीचं शेवटचं. त्याच्यापुढचं एमव्हीएस/एसपी आलं ते परवान्याचं, भाड्याचं. म्हणून जगभरचे हौशी लोक ३.८ पाशीच थांबलेत, आवड म्हणून नव्हे, कुंपण तिथे आहे म्हणून. हर्क्युलिसवर झेड/ओएस चालवायला आयबीएम हौशी माणसाला परवाना देत नाही. हर्क्युलिस स्वतः झेड आर्किटेक्चरपर्यंत सगळं चालवू शकतो, तो ओपन सोर्स आहे, रॉजर बोलर नावाच्या गृहस्थांनी १९९९ च्या सुमारास सुरू केला. अडतं ते वर चालवायच्या सॉफ्टवेअरला. २०१० मधे यावरून युरोपियन कमिशनपर्यंत तक्रार गेली होती.

स्पूलताई (मंगळवार, दुपारी ३:२०)

याच कुंपणामुळे आपल्याकडे आयएसपीएफ (मेनू आणि एडिटर) नाही, ते पण परवान्याचं. म्हणून रॉब प्रिन्स यांनी आरपीएफ लिहिलं, रिव्ह्यू आहे, सीआयसीएसच्या (ऑनलाइन व्यवहार चालवणारं) जागी किक्स, आरएसीएफच्या (सुरक्षा सांभाळणारं) जागी आरएकेएफ. प्रत्येक भिंतीला कोणीतरी संध्याकाळी घरी बसून एक खिडकी पाडलीय. टीके४ मायनस युर्गन विंकेलमान यांनी बांधला, टीके५ २०२३ मधे प्रिन्स यांनीच.

कृष्णाकाठ (मंगळवार, दुपारी ४:१०)

थँक्यू ताई. अजून एक, मी कोबोल लिहिला तर एंड-इफ ला एरर येतोय. पुस्तकात तर आहे.

रात्रपाळी (मंगळवार, दुपारी ४:४५)

हाहा, माझे पहिले दोन दिवस यातच गेले. हा कंपायलर कोबोल-८५ च्या आधीचा आहे बाबा. एंड-इफ नाही, एंड-परफॉर्म नाही, इनलाइन परफॉर्म नाही. वाक्य संपवायला फक्त टिंब. आणि ते टिंब चुकीच्या ओळीवर पडलं तर कंपायलर काही बोलत नाही, फक्त पगार चुकतो. ऑफिसात काही जुने प्रोग्राम असे का लिहिलेत हे मला इथे घरी कळलं, तोपर्यंत लिहिणाऱ्याला शिव्याच घालत होतो.

पंचकार्ड (मंगळवार, रात्री ८:३०)

तुमचं वाचून जुनं आठवलं, विषयांतर आहे पण चालवून घ्या. मी ७६ साली मुंबईत एका सरकारी कंपनीत लागलो, तिथे आयबीएमचं १४०१ हे कॉम्प्युटर मशीन होतं. १९५९ चं मॉडेल, आमच्याकडे आलेलं वापरलेलं, आयबीएम तेव्हा जुनी १४०१ दुरुस्त करून इथे भाड्याने द्यायची. ७८ मधे आयबीएम भारत सोडून गेली, फेराखाली (परकीय चलनाचा कायदा) भागभांडवल चाळीस टक्क्यांवर आणायला ते तयार नव्हते. मशीन राहिलं, कंपनी गेली. मग सीएमसीची (सरकारी कॉम्प्युटर देखभाल कंपनी) माणसं यायची मेंटेनन्सला, आणि आम्ही पण हळूहळू हात काळे करायला शिकलो. पावसाळ्यात कार्डं दमट होऊन फुगायची आणि रीडरमधे अडकायची, तर आमचा ऑपरेटर रात्री गठ्ठे एसीच्या खोलीत फळीवर दाबून ठेवायचा, पापड वाळवावेत तसे. निर्माता निघून गेलेलं यंत्र वापरत्या माणसांनी चालू ठेवायचं, हे तुम्ही आज हौसेने करताय, आम्ही नाइलाजाने केलंय. फरक एवढाच की तुमच्याकडे शॅडो फाईल आहे.

कोरीपाटी (मंगळवार, रात्री ९:००)

काका हे भारी आहे. अजून लिहा.

पंचकार्ड (मंगळवार, रात्री ९:२५)

एक छोटंसं लिहितो, प्रोग्रामचं. आयईएफबीआर१४ माहीत आहे ना, काहीच न करणारा प्रोग्राम? डेटासेट बनवायला-उडवायला वापरतात. पहिल्या आवृत्तीत एकच इन्स्ट्रक्शन होती, चौदा नंबरच्या रजिस्टरवर परत जा. त्यात बग निघाला! पंधरा नंबरच्या रजिस्टरमधे रिटर्न कोड असतो, तो कोणी शून्य केला नव्हता, जो काही कचरा असेल तो कोड म्हणून जायचा. मग आणखी एक इन्स्ट्रक्शन घातली. काहीही न करणारा प्रोग्राम दुरुस्त करताना दुप्पट झाला.

रात्रपाळी (गुरुवार, पहाटे २:५०)

अपडेट. बसा, मोठं आहे.

ताईंनी सांगितलं तसं केलं. शॅडो घेतली, नवीन सिस२.लिंकलिब, सेकंडरी शून्य, आयईबीकॉपी, नावं बदलली, सगळं गोड. इथेच आयपीएल करून झोपायला पाहिजे होतं पण नाही, मला वाटलं एकाच आयपीएलमधे दोन्ही कामं उरकू, म्हणून स्वतःची वेगळी लायब्ररी पण केली आणि एलएनकेएलएसटी००मधे (पार्मलिबमधला लिंकलिस्टचा मेंबर) जोडली. शेवटी जोडायची सोडून मला शहाणपण सुचलं की वरती घालू, म्हणजे माझे प्रोग्राम आधी सापडतील. ओळ घातली, सेव्ह, आयपीएल.

आयपीएल आला. एकही तक्रार नाही. टीएसओ वर आलं, लॉगऑन झालं, रेडी आलं. आरपीएफ टाइप केलं तर कमांड सापडत नाही. रिव्ह्यू, सापडत नाही. बॅचमधून चालवलं तर एस८०६, मॉड्यूल मिळत नाही. घाम फुटला राव, घरच्या लॅपटॉपवर, कोणी ओरडणारं नसताना. पंधरा मिनिटं बघत बसलो मग उजेड पडला, मी घातलेल्या ओळीच्या शेवटी स्वल्पविराम दिला नव्हता. सिस्टिमने तिथेच यादी संपली असं समजून खालच्या सगळ्या लायब्रऱ्या सोडून दिल्या. एका स्वल्पविरामासाठी!

आता गंमत बघा, दुरुस्त करायला एडिटर पाहिजे आणि एडिटर त्याच गायब लायब्ररीत. शॅडो फेकून मागे जाता आलं असतं पण म्हटलं नाही, खऱ्या मशीनवर काय केलं असतं? मग लिनक्सवर नोटपॅडसारख्या एडिटरमधे जेसीएल (जॉबच्या सूचना) लिहिलं, आयईबीयूपीडीटीईने तो मेंबर बदलायचा, कारण आयईबीयूपीडीटीई हा प्रोग्राम सिस१.लिंकलिबमधे असतो आणि ती तर कायम असतेच. आणि जॉब आत कसा घालायचा तर कार्ड रीडर! टीके४ मधे रीडर ३५०५ पोर्टला लावलेला आहे, नेटकॅटने फाईल तिकडे ढकलली की सिस्टिमला वाटतं कोणीतरी कार्डांचा गठ्ठा ठेवला. पहिला जॉब एस९१३ ने पडला कारण जॉब कार्डावर यूजर आणि पासवर्ड द्यायला विसरलो होतो, आरएकेएफने दारातूनच परत पाठवला. दुसऱ्यांदा आरसी शून्य. आयपीएल. सगळं जागेवर. माझा तो प्रोग्राम पण चालला, एस१०६ गेला.

काका, तुमच्या कार्ड रीडरने वाचवलं. नऊ वर्षांत जेवढं शिकलो नाही तेवढं आज रात्री शिकलो, आणि सकाळी साडेआठला स्टँडअप आहे.

वर्तुळ३७० (गुरुवार, सकाळी ७:३०)

व्हीएमखाली असतास तर शेजारच्या सीएमएसमधून ती डिस्क लिंक करून... जाऊ दे, बोलत नाही.

स्पूलताई (गुरुवार, सकाळी ११:१५)

शाब्बास. पण पार्मलिबमधला मेंबर बदलताना जुना कॉपी करून दुसऱ्या नावाने ठेवायचा, एलएनकेएलएसटी०१ असा. मग आयपीएलला ऑपरेटरकडून पॅरामीटर विचारले जातात तिथे फक्त एलएनके=०१ द्यायचं. गठ्ठा वगैरे काही लागलं नसतं. आणि आपलं नाव वरती घालायचा मोह सगळ्यांना होतो, मला पण झाला होता, मी आयईएफबीआर१४ नावाचाच एक चाचणी प्रोग्राम वरच्या लायब्ररीत विसरले होते. पुढचं सांगत नाही.

कृष्णाकाठ (गुरुवार, दुपारी २:००)

दादा जबरी. मला पण एक दाखवायचंय. मी फोरट्रानमधे महिन्याचं कॅलेंडर छापणारा प्रोग्राम लिहिला, मराठीत. मशीनला ईबीसीडिक (आयबीएमचा अक्षरांचा कोड) शिवाय काही कळत नाही म्हणून आत सगळं रोमनमधेच आहे, पण हर्क्युलिसमधे प्रिंटरच्या फाईलच्या नावाआधी पाइपचं चिन्ह दिलं की आउटपुट सरळ दुसऱ्या प्रोग्रामला जातं, तिथे मी पायथनने देवनागरी करतो. म्हणजे १४०३ प्रिंटरवर ‘चैत्र’ छापून येतं 😀 फक्त तारखा चुकतायत. मी टर्नकी नाही, स्वतः जनरेट केलेली सिस्टिम वापरतो, तिला दोन हजार साल कळत नाही, १९ च लावते पुढे.

पंचकार्ड (गुरुवार, दुपारी ४:४०)

वा! कॉन्फिगमधे वायआरऑफसेट उणे २८ दे. कॅलेंडर अठ्ठावीस वर्षांनी वारासकट तसंच्या तसं येतं, लीप वर्षंही जुळतात, म्हणजे मशीनला १९९७ वाटेल आणि वार बरोबर येतील. छापताना पायथनमधे २८ मिळव. चैत्र-वैशाख मात्र यात जुळणार नाहीत, तिथी काही अठ्ठावीस वर्षांनी त्याच तारखेला येत नाही, ते तुला वेगळं मोजावं लागेल.

रात्रपाळी, एक राहिलं. नवी लायब्ररी केलीस त्यात डिरेक्टरी ब्लॉक किती दिलेस?

रात्रपाळी (गुरुवार, रात्री ११:५५)

सिस२ला जुनीएवढेच दिले. माझ्या स्वतःच्या लायब्ररीला पाच दिलेत. का?

पंचकार्ड (शुक्रवार, सकाळी ६:१०)

लोड मॉड्यूलची नोंद लांब असते, एका २५६ बाइटच्या ब्लॉकात सहा-सात मावतात. तुझे प्रोग्राम किती?

रात्रपाळी (शुक्रवार, सकाळी ६:४२)

एकतीस. आणि काल रात्री अजून चार लिहिलेत.

पंचकार्ड (शुक्रवार, सकाळी ६:४५)

परत कर. आणि स्वल्पविराम बघ.